पोपटाचं वजन वाढतच नाहीये, किंवा वाढतं आणि परत उतरतं... नेमकं कुठे बघायचं

वाटी रोज रिकामी होतेय, पोपट दिवसभर काहीतरी कुरतडताना दिसतोय, तरी हातावर घेतला की हलका लागतो आणि छातीचं मधलं हाड बोटाला टोचतं. मग आपण काय करतो, सूर्यफुलाच्या बिया वाढवतो, कोणीतरी सांगितलेलं व्हिटॅमिनचं औषध पाण्यात टाकतो, थोडे दिवस जरा बरं वाटतं आणि मग परत तेच. पोपट पाळणाऱ्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की सगळं एकदा सविस्तर लिहून काढतेय.

माझं म्हणणं एवढंच की वजन का उतरतंय हे कळल्याशिवाय नुसतं जड खाणं वाढवून काही होत नाही. तीनच गोष्टी असू शकतात. एक तर पोटात अन्न कमी जातंय (आपल्याला वाटतं खातोय, पण नाही), किंवा जातंय पण पचत नाहीये, किंवा पचतंय पण ते अंगाला लागायच्या आधी दुसरीकडेच खर्च होतंय. यातलं कुठलं चाललंय ते घरी बसून बऱ्यापैकी ओळखता येतं, आणि ते ओळखलं की पुढचं खूप सोपं होतं.

त्याआधी एक. पोपट पिसं फुगवून दिवसाही झोपत असेल, पिंजऱ्याच्या तळाशी बसत असेल, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत असेल, उलटी करत असेल, किंवा शी जवळपास बंद होऊन नुसता पांढरा भाग आणि थोडं गडद हिरवं एवढंच पडत असेल तर पुढचं नंतर वाचा, आधी पक्ष्यांच्या व्हेटकडे जा. शेवटची खूण तर फार महत्त्वाची आहे कारण ती उपाशी पोटाची शी असते, पक्षी काहीही खात नाहीये असा तिचा अर्थ. छोट्या पक्ष्याचं शरीर इतक्या भराभर ऊर्जा जाळतं की बजीसारख्या चिमुकल्या पोपटाला एक अख्खा दिवस उपाशी काढणंही जिवावर बेतू शकतं. आणि पक्षी आजार लपवतात, म्हणजे आपल्याला आजारी दिसायला लागला तेव्हा तो बरेच दिवस आधीपासून आजारी असतो, त्यामुळे "उद्या बघू" इथे चालत नाही.

आता खरंच बारीक आहे का ते कसं ठरवायचं. डोळ्यांनी तर मुळीच नाही, पिसांखाली सगळं झाकलं जातं, गुबगुबीत दिसणारा पोपट आतून नुसता हाडं असू शकतो. छातीच्या मधोमध उभं हाड असतं, त्याला कील म्हणतात, त्याच्या दोन्ही बाजूंना उडायचे स्नायू असतात. पोपट शांत असताना बोट हलकेच त्या हाडावर आडवं फिरवायचं. हाडाची कड जाणवते पण दोन्ही बाजूला भरलेलं लागतं, तर ठीक आहे. हाड धारदार लागलं आणि दोन्ही बाजूंना खड्डा असेल तर बारीक आहे, आणि हाड सापडतच नसेल तर उलट जाड झालाय. हे आठवड्यातून एकदा एकाच माणसाने बघावं, दोन जणांच्या बोटांचा अंदाज कधी जुळत नाही.

दुसरं म्हणजे काटा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा किचनचा डिजिटल काटा मोठ्या पोपटांना पुरतो, बजी किंवा लव्हबर्ड असेल तर ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा मिळाला तर उत्तम. काट्यावर छोटी दांडी ठेवायची, दांडीसकट शून्य करायचं आणि आवडता दाणा दाखवून त्यावर चढायला शिकवायचं. बरेच पोपट पटकन शिकतात. घाबरणारा असेल तर झाकणाचा हवेशीर डबा ठेवून त्यात वजन करता येतं. वेळ मात्र ठरलेली पाहिजे, सकाळी उठल्यावरची पहिली मोठी शी झाल्यानंतर आणि पहिला घास पोटात जायच्या आधी. ही वेळ पाळली नाही तर आकड्यांना अर्थ राहत नाही, कारण भरलेल्या क्रॉपसकट (गळ्याखालची ती पिशवी) वजन घेतलं की पोपट एका रात्रीत सुधारला असं वाटतं.

आकडे साधारण असे असतात: बजी ३० ते ४० ग्रॅम, शोसाठी वाढवलेले मोठे बजी ५० च्या पुढेही असतात, लव्हबर्ड ४५ ते ६०, ग्रीन चीक कोन्युअर ६० ते ८०, कॉकाटिल ८० ते १००, सन कोन्युअर १०० ते १२०, काँगो ग्रे ४०० ते ५५०, ब्लू अँड गोल्ड मकाव साधारण ९०० ते १२००. पण या आकड्यांना चिकटून बसू नका. एकाच जातीत लहान चणीचे आणि मोठ्या चणीचे पक्षी असतात, ७८ ग्रॅमचा कॉकाटिल छाती भरलेली असेल तर एकदम ठणठणीत असू शकतो आणि मोठ्या चणीचा ९५ चा हडकुळा असू शकतो. आपला पोपट तब्येतीने चांगला असताना किती होता हा खरा आकडा. तो माहीत असेल तर त्यापासून १० टक्के खाली गेला की व्हेट, यात विचार करायचं काही नाही. ९० ग्रॅमचा कॉकाटिल ८१ वर आला की १० टक्के झाले, ३५ ग्रॅमच्या बजीला तर फक्त साडेतीन ग्रॅम लागतात, जे नुसत्या हाताला कधीच कळणार नाहीत. दोन तीन टक्के रोज इकडेतिकडे होतंच, त्याने घाबरू नका, सलग काही दिवस एकाच दिशेने चाललंय का ते बघा.

खातोय असं वाटतं, पण खरंच खातोय का?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा सविस्तर. पोपट बी सोलून खातो आणि फोलपट परत वाटीतच पडतं, त्यामुळे वाटी वरून भरलेली दिसते आणि खाली दाणाच नसतो. फुंकर मारली की कळतं. रोज सकाळी वाटी पूर्ण रिकामी करून नवीन भरा, उरलेल्यावर नुसती भर घालू नका. याच्या उलटही होतं, वाटी रिकामी दिसते कारण सगळं खाली उडवलेलं असतं. म्हणून काही दिवस मोजूनच बघा: सकाळी किती ग्रॅम घातलं, संध्याकाळी वाटीतलं, तळाचं आणि फोलपटं मिळून किती राहिलं. कंटाळवाणं काम आहे, कबूल, पण यातून जे कळतं ते दुसऱ्या कशातून कळत नाही.

मग चोच बघा. वरची चोच जास्त वाढलीये का, वाकडी झालीये का, तोंडात पांढरे डाग किंवा चिकटपणा आहे का. नुसत्या बियांवर वाढलेल्या पोपटांत व्हिटॅमिन ए ची कमतरता खूप दिसते, त्यात तोंडाचं आणि नाकाचं आतलं अस्तर खराब होतं, इन्फेक्शन लवकर बसतं आणि मग गिळायला त्रास होतो. असा पोपट वाटीपाशी जातो, दाणा उचलतो, तोंडात फिरवतो आणि टाकून देतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं खातोय. चोच घरी कापायला जाऊ नका, तिच्यात रक्तवाहिन्या असतात, आणि चोच भराभर वाढण्यामागे कधी कधी लिव्हरचा आजार असतो त्यामुळे ती तशीही व्हेटला दाखवायलाच हवी.

दोन किंवा जास्त पक्षी एकत्र असतील तर वाटीवर दादागिरी होतेच. ती दरवेळी भांडणातून दिसत नाही, दांडगा पक्षी नुसता वाटीजवळच्या दांडीवर बसून राहतो आणि दुसरा तिकडे फिरकतच नाही. वाट्या दोन तीन ठिकाणी, एकमेकांपासून लांब आणि एकीवरून दुसरी दिसणार नाही अशा लावा. त्याने फरक पडला नाही तर बारीक पक्ष्याला वेगळ्या पिंजऱ्यात शेजारी ठेवा. वेगळं ठेवल्यावर त्याची शी पण वेगळी बघता येते, हा मोठाच फायदा.

आणि पेलेट्स (पोपटांसाठी तयार मिळणाऱ्या खाण्याच्या गोळ्या). बियांवरून एकदम पेलेट्सवर आणलेल्या पोपटाचं वजन उतरतं हे मी सर्वात जास्त बघितलंय. ज्याने आयुष्यभर बियाच खाल्ल्यात त्याला पेलेट हे अन्न आहे हेच कळत नाही. "भूक लागली की खाईल" हे पोपटाच्या बाबतीत खरं नाही, काही पोपट अन्नाने भरलेल्या वाटीसमोर उपाशी मरू शकतात. वजन कमी असताना हा बदल थांबवा. आधी त्याच्या ओळखीच्या खाण्यावर वजन नीट येऊ दे, पेलेट्स नंतर.

बाकी नवीन पिंजरा, जागा बदलली, वाटी बदलली, घरात नवीन कुत्रा किंवा मांजर, जोडीदार गेला, घरातलं कोणी लांब गेलं, यानेही खाणं कमी होतं. पोपट थव्यात खाणारा जीव आहे, त्याच्यासमोर बसून आपण काहीतरी खाल्लं की तोही वाटीकडे वळतो. करून बघा, याने कसलंही नुकसान नाही.

खातोय हे नक्की, मोजून बघितलंय, तरी उतरतोय

हे सगळ्यात गंभीर, इथे घरगुती उपायात वेळ घालवू नका. तळाला साधा पांढरा कागद टाका (जाळीवर पोपट, खाली कागद) आणि शी बघा. नॉर्मल शीत तीन भाग असतात, घट्ट हिरवा किंवा तपकिरी भाग, पांढरा भाग आणि भोवती थोडं पाणी. रंगीत पेलेट्सनी किंवा फळांनी रंग बदलतो ते वेगळं. पण अख्खे किंवा अर्धवट दाणे जसेच्या तसे बाहेर पडत असतील, शी मोठी, मऊ, वास मारणारी असेल, तर अन्न पचतच नाहीये.

बजींमध्ये याचं एक नेहमीचं कारण म्हणजे मॅक्रोरॅब्डस नावाची पोटातली बुरशी, जुने लोक तिला मेगाबॅक्टेरिया म्हणतात. लक्षण अगदी फसवं, पक्षी दिवसभर वाटीत तोंड घालून बसलेला असतो, खूप भूक आहे असं वाटतं, आणि सुकत जातो. कॉकाटिल आणि लव्हबर्डमध्येही होतं. शीच्या तपासणीत दिसतं, पण ते जंतू रोजच्या रोज शीतून बाहेर पडतात असं नाही, त्यामुळे एक रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून विषय संपला असं धरू नका, परत तपासायला सांगा. यावर औषध आहे, पण ते कुठलं, किती आणि किती दिवस हे व्हेटनेच ठरवायचं.

मोठ्या पोपटांत, मकाव, ग्रे, काकाटू वगैरे, शीत अख्ख्या बिया आणि वजन घटणं हे बोर्नाव्हायरसमुळे होणाऱ्या आजाराचं लक्षण असू शकतं. त्यात पोटाच्या नसा खराब होतात, जठर फुगतं आणि अन्न पुढे ढकललं जात नाही. पूर्ण बरं करणारं औषध नाही, पण लवकर कळलं तर सूज कमी करणारी औषधं आणि पचायला हलकं खाणं देऊन बरेच पक्षी चांगले दिवस काढतात, म्हणून लवकर कळणं महत्त्वाचं. जिआर्डिया हा परजीवी बजी आणि कॉकाटिलमध्ये दिसतो. जंत जास्त करून मातीशी संबंध येणाऱ्या, बाहेरच्या मोठ्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांत होतात, घरात एकटा वाढलेल्या पोपटाला दर थोड्या दिवसांनी जंताचं औषध पाजत बसायची गरज नसते. शिवाय लिव्हर, किडनी, बजीमधल्या पोटातल्या गाठी, आणि पिंजऱ्याच्या गंजक्या किंवा स्वस्त कोटिंगच्या तारेतून, जुन्या खेळण्यांच्या कड्यांतून पोटात जाणारं झिंक आणि लेड. पोपट काय चावतोय ते एकदा नीट तपासाच.

एक आजार वेगळा सांगते कारण तो माणसांनाही होतो, सिटाकोसिस. पोपट सुस्त, बारीक, शी गडद पोपटी हिरवी, नाक डोळे वाहतायत, आणि त्याच सुमाराला घरात कोणाला ताप, कोरडा खोकला, डोकेदुखी असेल तर आपल्या डॉक्टरांना घरात पक्षी आहे हे आवर्जून सांगा. नाहीतर ते साध्या फ्लूचं औषध देत बसतात. अशा वेळी पिंजरा साफ करताना कोरडी शी झाडू नका, कागद आधी ओला करा, मास्क लावा.

पचतंय, पण खर्च होतंय

थंडी हे पहिलं. फुगून बसलेला पक्षी अंग गरम ठेवण्यात सगळी ऊर्जा घालवतो. त्याच्या अंगाचं तापमान ४० डिग्रीच्या वर असतं आणि ते टिकवायला जे जळतं ते त्याच्या खाण्यातूनच जातं, त्यामुळे गार खोलीत, वाऱ्याच्या झोतात, एसीच्या समोर पिंजरा असेल तर खाणं कितीही वाढवलं तरी अंगाला लागत नाही. पिसं झडून नवी येण्याच्या काळातही खर्च वाढतो, पिसं म्हणजे जवळपास सगळं प्रोटीनच. मादी अंडी घालत असेल तर प्रोटीन आणि कॅल्शियम दोन्ही झपाट्याने जातं, आणि एकटी मादीसुद्धा अंडी घालते हे लक्षात ठेवा. पिल्लं भरवणारी जोडीही याच काळात उतरते.

अजून एक, आरशाला, खेळण्याला किंवा आपल्याच बोटाला भरवणारा पोपट. मान वरखाली करून दाणे बाहेर काढतो, ते प्रेमाने चाललेलं असतं, आजार नाही. पण दिवसातून अनेकदा चालू असेल तर पोटातलं अन्न बाहेरच जातं. आरसा काढून टाका, दिवस लांब वाटू नये म्हणून रोज १० ते १२ तास शांत अंधारी झोप द्या, पाठीवर शेपटीकडे कुरवाळणं बंद करा. उलटीत आणि यात फरक असा की उलटी करणारा डोकं झटकतो, चिकट थेंब सगळीकडे उडतात, डोक्याची पिसं ओली आणि गुठळलेली राहतात, आणि तो मलूल दिसतो.

मग आता खायला काय आणि कसं

आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. हा क्रम उलटा करू नका. गार पडलेल्या आणि पाणी कमी झालेल्या पक्ष्याचं पचन चालतच नाही, त्याला जड खाऊ घातलं तर ते क्रॉपमध्येच पडून आंबतं. आणि जो खूप दिवस उपाशी होता त्याला एकदम भरपूर दिल्याने रक्तातले क्षार बिघडून तो दगावूही शकतो, त्यामुळे अगदी हडकलेल्या पक्ष्याची सुरुवात व्हेटकडेच होऊ दे.

अशक्त पक्ष्याला २९ ते ३२ डिग्रीपर्यंत ऊब लागते, पण पिंजऱ्याच्या एकाच बाजूला, म्हणजे नको झालं की दुसरीकडे सरकता येईल. थर्मामीटर लावाच. चोच उघडी टाकून धापा टाकत असेल, पंख अंगापासून लांब धरले असतील तर जास्त होतंय. दिवा किंवा हीटर वापरताना त्यावर नॉनस्टिक कोटिंग नाही ना ते बघा, तापलेल्या नॉनस्टिकच्या धुराने पोपट काही मिनिटांत मरतात, तव्याच्या बाबतीतही तेच. दांड्या खाली आणा, वाटी आणि पाणी चढउतार न करता पोचेल इतकं जवळ ठेवा. खेळण्यात लपवलेलं खाणं वगैरे आता नको, ते तब्येत सुधारल्यावर.

सुरुवातीला जे तो आवडीने खातो तेच द्या. हो, बियाच असतील तर बिया. नुसत्या बियांवर मी कधीच समाधानी नसते पण बारीक पक्ष्यासमोर ही लढाई लढायची वेळ नाही. बजी, कॉकाटिल, लव्हबर्डला मिलेटचे अख्खे तुरे टांगा, आजारी पक्षीसुद्धा ते टिपतो. सोललेले ओट्स चांगले. मोठ्या पोपटांना बदाम, अक्रोड, बिनमिठाचे, थोडे फोडून, मकावना तर फॅटची गरज इतरांपेक्षा जास्तच असते.

सूर्यफुलाबद्दल स्पष्ट सांगते. त्याच्या गरात जवळपास निम्मं फॅट असतं, मिलेटमध्ये ४ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे काटा लवकर वर जातो हे खरं. पण त्यात व्हिटॅमिन ए आणि कॅल्शियम नाहीसारखं, आणि आपल्याला परत आणायचाय तो छातीचा स्नायू, नुसती चरबी नाही. छाती सुकलेली आणि लिव्हर चरबीने भरलेलं, दोन्ही एकाच पक्ष्यात असू शकतं. म्हणून मोजके दाणे, बक्षीस म्हणून, वाटी भरून नाही. स्नायूसाठी प्रोटीन लागतं, त्याला नीट उकडलेलं अंडं कुस्करून, पूर्ण शिजवलेली मसूर किंवा मूग, शिजवलेला ब्राऊन राईस आणि त्यात मिसळलेलं रताळं, गाजर, लाल भोपळा यांचा मऊ लगदा, कोमट करून. गाजर रताळ्याने व्हिटॅमिन ए पण भरून निघतं. मोड आलेल्या बियाही उत्तम, पण दिवसातून दोन तीनदा धुतलेल्या, आणि जरा आंबूस वास आला तरी फेकायच्या. मऊ किंवा ओलं खाणं दोन तासांच्या वर पिंजऱ्यात ठेवू नका.

पोपट नैसर्गिकपणे सकाळी लवकर आणि संध्याकाळ व्हायच्या आधी सगळ्यात जास्त खातो. नवीन आणि पौष्टिक काही द्यायचं तर सकाळी भूक असताना, आणि रात्री झोपायच्या आधी ओळखीचं, भरपूर, म्हणजे क्रॉप भरून झोपेल. मधल्या वेळात वाटी रिकामी नको, बारीक पक्ष्याच्या समोर खाणं कायम हवं.

हे मात्र करू नका. सिरिंजने जबरदस्तीने भरवणं, शिकवलेलं नसेल तर, अजिबात नाही, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं आणि थोडंसं तिकडे गेलं की न्यूमोनिया किंवा जागच्या जागी मृत्यू. व्हेटने हँड फीडिंग फॉर्म्युला (पिल्लांना भरवायचं पातळ खाणं) सांगितलाच तर चमच्याने, त्याचा तो चाटेल तसं, आणि तापमान ३९ ते ४१ डिग्रीच्या मध्ये थर्मामीटरने बघून, जास्त गरम असेल तर क्रॉप आतून भाजतं, मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेल्यात मध्येच एखादा भाग उकळता राहतो म्हणून तो नकोच. दूध नको, पक्ष्यांना त्यातली साखर पचत नाही. लोणी, तेल, तळलेलं, खारवलेलं काही नको. ॲव्होकॅडोत भरपूर फॅट असतं म्हणून ते द्यावंसं वाटतं, पण पोपटासाठी ते विष आहे. चॉकलेट, कॉफी, कांदा, लसूण, कच्ची कडधान्यं, सफरचंदाच्या बिया हेही नाही. शेंगदाणे जुने किंवा बुरशी धरलेले असतील तर त्यातलं विष थेट लिव्हरवर जातं, नसलेलेच बरे.

पाण्यात टाकायची व्हिटॅमिन्स पण बंद करा, पाण्याची चव बदलते, पोपट पाणीच कमी पितो आणि त्या पाण्यात जंतू वाढतात. वाळू किंवा खडे (ग्रिट) पोपटाला लागत नाहीत, तो बी सोलूनच खातो, उलट आजारी पक्षी ते जास्त खाऊन आतडं तुंबवून घेतो. आणि उरलेली अँटिबायोटिक्स अंदाजाने देणं, त्याने पक्षी बरा तर होत नाहीच, वर तपासणीत जे दिसायला हवं तेही दिसत नाही.

काटा वर चढला म्हणजे सुधारला असं नाही

सुरुवातीला रोज वजन लिहा आणि आठवड्याने आठवड्याची तुलना करा. हळूहळू, सारखं वर जाणारं वजन चांगलं. एका रात्रीत छोट्या पक्ष्याचं वजन तीन चार ग्रॅमनी वाढलं तर शंका घ्या, बहुतेक वेळा क्रॉप भरलेलं असतं, मादी असेल तर अंडं असू शकतं. आणि वजन वाढतंय पण कील तशीच धारदार, खाली पोट मात्र फुगलेलं आणि पाय फाकवून बसतोय, तर पोटात पाणी किंवा गाठ किंवा अडकलेलं अंडं असू शकतं, त्याच दिवशी व्हेट. म्हणूनच काटा आणि बोट दोन्ही हवेत.

स्नायू नुसत्या खाण्याने पूर्ण येत नाही, तो वापरावा लागतो. पंख कापलेला, कधीच न उडणारा पोपट कितीही चांगलं खाल्लं तरी छातीला कमीच भरतो. तब्येत सुधारली, वजन टिकायला लागलं की मग पंख फडफडवणं, एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर छोटी उड्डाणं, हळूहळू वाढवत न्यायची. अशक्त असताना नाही.

पेलेट्सचा विषय आता काढा, वजन चांगलं आणि स्थिर झाल्यावर. थोडे पेलेट्स कुस्करून आवडत्या मऊ खाण्यात मिसळा, प्रमाण काही आठवड्यांत, अडेल पोपट असेल तर काही महिन्यांत वाढवत न्या, आणि रोज वजन बघा. ३ ते ५ टक्के खाली आलं की एक पायरी मागे या, हट्ट करू नका.

एवढं करूनही परत परत उतरत असेल तर नेमकं कधी उतरतं ते वहीत शोधा. औषध बंद झालं की उतरतं का, जोडीदारासोबत परत ठेवला की उतरतं का, गारठा पडला की, पिसं झडायला लागली की? औषध बंद झाल्यावर उतरत असेल तर आजार पूर्ण गेलेला नाही किंवा शेजारच्या पक्ष्याकडून परत येतोय. तेव्हा घरातल्या सगळ्या पक्ष्यांची शी तपासून घ्या, नुसत्या बारीक दिसणाऱ्याची नाही, कारण मॅक्रोरॅब्डस बाळगणारा पक्षी दिसायला एकदम ठणठणीत असू शकतो. वाट्या, दांड्या धुवा, लाकडी जुन्या दांड्या बदलून टाका. व्हेटकडे जाताना वजनाची वही, वाटीत काय आणि किती घातलं त्याची नोंद, पिंजऱ्यातली त्याच सकाळची ताजी शी आणि उलटीचा किंवा विचित्र वागण्याचा मोबाईलवरचा व्हिडिओ एवढं सोबत न्या, टेबलावर ठेवल्यावर पोपट दहा मिनिटं आजार लपवून ताठ बसतो आणि तेवढ्यात डॉक्टरांना जे दिसत नाही ते या चार गोष्टींतून दिसतं. वजन सलग महिनाभर जागेवर राहिलं की रोजचं मोजणं आठवड्यातून दोनदा करा, मग एकदा, पण वेळ तीच, सकाळची, पहिल्या घासाच्या आधीची.